तळवे

पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात.
अकरा जण घरून घासून आलेले असतात.
टाचा नारळाच्या शेंडीने, नखं ब्लेडने,
दुमिंगने तर बोटांत पावडर मारलेली.
कैतानला ताप आला म्हणून बाराव्या खुर्चीवर
मीच पास्कूला बसवला. तो रापण ओढून थेट आला होता,
पोटऱ्यांना वाळू, अंगाला बांगड्यांचा वास.

पितळी तांब्या माझ्या हातात, टॉवेल खांद्यावर.
उभादांड्याच्या या देवळात सव्वीस वर्षं
घंटा, मेणबत्त्या आणि हे पाणी माझं काम.
फादर एका पायापाशी फार थांबत नाहीत.
इथे थांबले.
अंगठा तळव्यावरून फिरवला, परत फिरवला,
मला हळूच म्हणाले, "दिवा जरा इकडे."

काल्वाची शिंप. टाचेच्या पुढे, मांसात,
चार आण्याएवढी. भोवती काळं.
"कधी लागलं रे?"
"काय लागला?" म्हणत पास्कू वाकून बघू लागला,
दुसऱ्या कुणाची वस्तू
आपल्या होडीत सापडावी तसा.
परातीतलं पाणी गुलाबी होत होतं
आणि त्याचा चेहरा शांत.
शांतपणाची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

तिसऱ्या बाकावरून एस्पेरान्साबाई उठली.
सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स, गुडघे गेलेले.
गाणं मधेच अडकलं.
चार वर्षं जी प्रार्थनेलाही खाली बसली नव्हती
ती परातीशेजारी गुडघ्यांवर बसली,
त्याचा दुसरा पाय मांडीवर घेतला
आणि बोटांना पेनाचं टोक लावत गेली.
"हय कळता? हय? आणि हय?"
"नाय गो बाय. नाय. नाय."
तीनदा नाही म्हणाला.
कोंबडा काही आरवला नाही,
बाहेर बर्फाच्या टेम्पोचा हॉर्न तेवढा वाजला.

एक बोट गेलं त्याचं, सावंतवाडीला.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या गुरुवारी
मिस्सा संपल्यावर कुणी लगेच घरी जात नाही.
फादर ज्यात कॉलर नीट करतात तो आरसा
सॅक्रिस्टीच्या लादीवर आडवा ठेवायचा,
त्यावर एकेकाने तळवा धरायचा.
ज्याला वाकता येत नाही त्याला दुसरा बघून सांगतो.
रेजिना आपल्या जावेचे पाय बघते.
माडाच्या वाटणीपासून दोघी बोलत नाहीत,
अजूनही बोलत नाहीत,
पण बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघते.
फेस्ताला खाल्लेल्या दोदोलाची कबुली
फादरच्या आधी बाईच्या वहीत जाते, आकड्यासकट,
आणि प्रायश्चित्त एकच,
रोज संध्याकाळी किनाऱ्याने बंदरापर्यंत चालायचं.
चपला घालून.
उपासाच्या चाळीस दिवसांत फादर वेदीवरून म्हणाले,
ज्याला सुई आहे त्याने उपाशी राहू नये,
देवाला तुमची चक्कर नको आहे.
मागे कुणीतरी हसलं, बहुतेक दुमिंगच.

पास्कूच्या घरी फ्रिज नाही.
त्याचं इन्शुलिन मिस्सेच्या वाइनशेजारी असतं,
किल्ली माझ्या कनवटीला.
पूर्वी नाताळपुरता दिसायचा,
आता रोज पहाटे, घंटेआधी.
शर्ट वर करतो, पोटाची चिमूट धरतो,
मग पायरीवर बसून डब्यातली पेज पितो.
प्रार्थना करतो का, ते मी विचारलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं.
लॅबची एक चिठ्ठी, आकडा तीनशे बारा, नाव माझं,
दोन वर्षं घंटेच्या दोरामागे
चिऱ्यांच्या फटीत होती.
आजारी म्हटलं की दोर दुसऱ्याकडे जातो.
परवा पास्कू आत आला तेव्हा ती माझ्या हातात होती.
त्याला वाचता येत नाही,
पण लॅबचा कागद तो लांबून ओळखतो.
आरसा खाली ठेवला, बाहीने पुसला,
म्हणाला, "बस मरे. दाखय."

मी मोजे काढले.
घंटा सात मिनिटं उशिरा झाली.
वाडीत कुणी ना कुणी
घड्याळ हलवून बघितलंच असेल.